सुलभा बिलोलीकर किंवा समतुल्य

कॅलिब्रेशन झालेली बाई हैदराबादेत एकच असावी. ती नारायणगुड्यात राहते आणि तिचं नाव सुलभा हिम्मतराव बिलोलीकर.

एखादं यंत्र अजून खरं बोलतंय की नाही, याची ठरावीक मुदतीनं जी तपासणी होते तिला कॅलिब्रेशन म्हणतात. तराजूची होते, पेट्रोल पंपाची होते. तपासणीत पास झालेल्या यंत्राला हिरवा स्टिकर लागतो. सुलभाताईंचा स्टिकर त्यांच्या ओळखपत्रावर होता, फोटोतल्या कपाळावर, कुंकवाच्या थोडा वर. ‘तपासणी झाली. पुढील तपासणी डिसेंबरात.’ बसमध्ये शेजारची बाई तो वाचायची, मग सुलभाताईंकडे बघायची, मग खिडकीबाहेर.

त्यांचं माहेर गौलीगुडा, सासर नारायणगुडा. आयुष्यातलं सगळ्यात मोठं स्थलांतर रिक्षानं झालं. घरात मराठी, रस्त्यावर दखनी आणि भाजीवाल्याशी भांडताना तेलुगू, ही वाटणी लहानपणीच होऊन गेलेली. पदार्थविज्ञानात बी.एस्सी. झाल्या आणि चर्लापल्लीच्या एका कंपनीत प्रयोगशाळा सहायक म्हणून लागल्या. त्या अजून तिथंच होत्या, कारण निघण्यासारखं काही घडलं नव्हतं.

आयुष्यात त्यांना एक खुर्ची हवी होती. कंपनीचं शहर कार्यालय आबिड्सला आहे. तिथल्या आवक-जावक विभागात खिडकीजवळ एक खुर्ची, खाली चपलांची दुकानं, समोर पोस्टाची इमारत. घरून चालत जाता येतं. चर्लापल्लीला मात्र दोन बस बदलाव्या लागत, आणि दुसऱ्या बसमध्ये गुडघे पहिल्या बसची तक्रार करत. त्या खुर्चीवर चतुराबाई नावाच्या बाई बसत होत्या आणि त्यांच्या निवृत्तीची वाट चतुराबाईंपेक्षा सुलभाताई जास्त बघत होत्या. अर्ज कधीच दिलेला होता. साहेबांनी तोंडी ‘तुमचंच आहे ते’ असं म्हटलंही होतं.

आता कंपनी काय करते ते सांगायला हवं. कर्करोगाचा संशय असलेल्या माणसाला पेट स्कॅनला पाठवतात. तिथं त्याला किरणोत्सारी साखर टोचतात. गाठ हावरट असते, ती ही साखर जास्त खाते. साखरेतून गॅमा किरणांच्या जोड्या निघतात आणि जोडीतले दोघे एकमेकांकडे पाठ फिरवून विरुद्ध दिशांना सुटतात, भांडण झालेल्या भावांसारखे. रोग्याभोवती स्फटिकांचं कडं असतं. किरण आदळला की स्फटिक क्षणभर चमकतो आणि त्याला चिकटवलेला सिलिकॉनचा डोळा ती चमक बघतो. एका बाजूची चमक आधी दिसली की गाठ त्या बाजूला जवळ. किती आधी दिसली, यावरून किती जवळ ते कळतं.

हे ‘किती आधी’ पिकोसेकंदांत मोजावं लागतं. सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले की त्यातला एक म्हणजे पिकोसेकंद. मोजण्यात दोनशे सत्तर पिकोसेकंदांचा घोळ झाला तर साखर नेमकी कुठे होती याच्या अंदाजात चार सेंटिमीटरचा घोळ होतो. कंपनी हे डोळे बनवून परदेशी पाठवायची. खरेदीदाराची अट अडीचशेच्या आत. कंपनीचे डोळे दोनशे सत्तरच्या आसपास येऊन बसले होते आणि महिनोन् महिने तिथून हलत नव्हते.

सुलभाताईंचं काम असं: दोन डोळे समोरासमोर ठेवायचे, मध्ये किरणोत्सारी सोडियमची बटणाएवढी चकती ठेवायची, पेटी बंद करायची, वरून काळं कापड टाकायचं आणि आकडा येईपर्यंत बसून राहायचं. सिलिकॉनला अंधार लागतो. म्हणून त्या खोलीत जेवढे बारीक दिवे होते, संगणकाचे, स्विचचे, अगदी एसीवर तापमान दाखवणाऱ्या आकड्यांचेसुद्धा, सगळ्यांवर काळी चिकटपट्टी मारलेली होती.

एसी चोवीसवर ठेवायचा, असं परिपत्रक होतं. परिपत्रकाचे रक्षणकर्ते प्रशासन अधिकारी एकनाथराव. रिमोट त्यांच्या टेबलाच्या खणात कुलपात राहायचा. रोज सकाळी ते प्रयोगशाळेच्या दाराशी येत, उंबरठ्याबाहेर उभे राहत आणि फक्त हात आत घालून एसी लावत. सोडियमच्या चकतीवर त्यांचा विश्वास नव्हता. त्या हाताला काही झालं तर काय, असं कुणी विचारलं नाही, कारण हात कंपनीच्या कामावर होता.

*

पन्नाशी उलटली आणि सुलभाताईंच्या आत कुणीतरी शेगडी पेटवली. काही कारण नाही, पूर्वसूचना नाही. बसल्या बसल्या छातीतून एक ज्वाळ निघायची, मानेवरून कानांपर्यंत जायची आणि घाम फोडून विझायची. पुन्हा पेटायला तिला काहीही पुरत असे: चहा, फोनची घंटी, हिम्मतरावांचा प्रश्न.

“अगं, पंखा कमी कर की. डिसेंबर आहे.” हिम्मतराव दोन गोधड्यांखालून म्हणायचे.

“तुमचा असेल.”

डॉक्टरीण म्हणाली, वयाचं आहे, जाईल. केव्हा जाईल ते म्हणाली नाही. कंपनीत हे कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. प्रयोगशाळेत सगळी पोरंच, आणि वर एकनाथराव. त्यांच्याकडे जाऊन “जरा एसी वाढवा” म्हटलं असतं तर त्यांनी लेखी कारण मागितलं असतं. सुलभाताई फाइलीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसायच्या. अंधार होता म्हणून बरं.

मग दसरा आला. खंडेनवमीला कंपनीत आयुधपूजा होते. हैदराबादेत ती सगळीकडेच होते, बस डेपोत, सलूनमध्ये, बँकेत. प्रयोगशाळेतली सगळी आयुधं टेबलावर मांडली: ऑसिलोस्कोप, सोल्डरची कांडी, कात्री, चिमटे, व्हॅक्यूम क्लीनर. एवढ्यात एकनाथराव आले. सगळ्यांची हत्यारं पुजली जात असताना प्रशासनच तेवढं हत्याराशिवाय राहावं हे त्यांना पटलं नसावं. त्यांनी दोन्ही हातांनी एसीचा रिमोट आणून ऑसिलोस्कोपशेजारी ठेवला. सुलभाताईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. वर झेंडूचं फूल ठेवलं.

पूजेतलं आयुध दसरा होईपर्यंत उचलत नाहीत. एकनाथराव शास्त्राला धरून रिकाम्या हातानं परत गेले.

सुट्टीनंतर आवराआवर सुलभाताईंकडे होती. निर्माल्य पिशवीत भरता भरता आत शेगडी पेटली. समोर झेंडूखाली रिमोट होता. खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी बटण दाबलं, दाबत राहिल्या. एसीनं दीर्घ श्वास सोडला. सुलभाताईंनीही सोडला. मग रिमोट जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, डब्याखाली गेला. चोरी म्हणावी असं त्यांच्या मनातही आलं नाही. फार तर प्रसाद.

एकनाथरावांनी दोन दिवस शोधाशोध केली. मालमत्ता हरवली असं लिहिलं असतं तर चौकशी स्वतःचीच करावी लागली असती. म्हणून त्यांनी नोंद केली, ‘रिमोट एक, पूजेत अर्पण’, आणि नवा मागवला. तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा हात दारातून आत येई, चोवीस लावी आणि निघून जाई. पावलं जिन्यापर्यंत पोचली की सुलभाताई डब्याची पिशवी उघडत. संध्याकाळी पुन्हा चोवीस करून घरी जात. त्या बाबतीत अगदी सरळ बाई.

*

दसऱ्यानंतरच्या पहिल्या मोजणीत आकडा आला दोनशे एकतीस.

मंदार खुर्चीवरून उठला. मंदार हा मोजणी विभागाचा प्रमुख. पुण्याचा, एम.टेक., वय सत्तावीस. त्यानं कनेक्शन तपासली, पेटी उघडली, बंद केली, पुन्हा मोजलं. दोनशे तीस.

“काकू, तुम्ही काही बदललंत का? स्फटिकाला जेल वेगळं लावलं? कापड?”

“नाही रे. तेच सगळं.”

“काहीतरी बदललंय. बेसिकली, असं होऊच शकत नाही.”

“पूजा झाली की मध्ये,” सुलभाताई म्हणाल्या. त्यांना खरोखर तेवढंच माहीत होतं.

मंदार विज्ञानाचा माणूस. तो हसला. पण हसून झाल्यावर पूजा हा मध्ये घडलेला एकमेव बदल आहे हे त्याला नाकारता येईना. तापमानाची शंका त्याला आली होती. नाही असं नाही. त्यानं प्रशासनाला रीतसर विचारलं. उत्तर आलं: परिपत्रकानुसार खोलीचं तापमान चोवीस आहे. त्यानं थर्मामीटर मागितला. खरेदी विभागाचं उत्तर आलं: खोलीचं तापमान परिपत्रकानुसार स्थिर असल्यानं थर्मामीटरची गरज दिसत नाही. सेकंदाचा लाख कोटीवा भाग मोजणाऱ्या त्या खोलीत ताप मोजायचीही सोय नव्हती. थंडी वाजत होती, पण हैदराबादेत एसीखाली स्वेटर घालून बसणं हा नोकरीचाच भाग आहे. त्यावरून कुणी निष्कर्ष काढत नाही.

तेव्हा मंदारनं प्रयोग मांडला. रोज पेटीला कुंकू लावून मोजायचं: उत्तम आकडा. एक दिवस सुलभाताई निजामाबादेला लग्नाला गेल्या. सायली नावाच्या नव्या इंजिनिअर मुलीनं तितक्याच भक्तीनं कुंकू लावलं: दोनशे एकोणसत्तर. सुलभाताई परत आल्या: दोनशे तीस. मग फूल वगळलं. फरक नाही. हळद वगळली. फरक नाही. शेवटी कुंकूही वगळलं आणि सुलभाताईंना नुसतं स्टुलावर बसवलं. दोनशे एकोणतीस.

“म्हणजे पूजेचा काही संबंध नाही,” मंदारनं समाधानानं जाहीर केलं.

अशा रीतीनं अंधश्रद्धेचं निर्मूलन झालं. उरल्या फक्त सुलभाताई.

*

डिसेंबरात खरेदीदारातर्फे ऑडिट झालं. ऑडिटर प्रणिता मॅडम बंगळूरहून आल्या. मूळच्या सोलापूरच्या, पन्नाशीच्या पुढच्या, कपाळाला आठी घेऊनच विमानातून उतरलेल्या. मात्र प्रयोगशाळेत पाऊल टाकताच त्यांची आठी गेली. त्यांनी जॅकेट काढून हातावर घेतलं. आजूबाजूला सगळी पोरं कानटोप्यांत होती.

“छान खोली आहे,” त्या म्हणाल्या.

मग कामाला लागल्या. आकडा कशानं सुधारला? मंदारनं सगळे प्रयोग दाखवले. प्रणिता मॅडमनी ते शांतपणे वाचले आणि नियम सांगितला: मोजणीवर ज्या ज्या गोष्टीचा परिणाम होतो ती प्रत्येक गोष्ट कार्यपद्धतीत लिहिलेली असली पाहिजे.

“पण मॅडम, ही गोष्ट म्हणजे... काकू आहेत.”

“मग काकू लिहा.”

काकू लिहिल्या गेल्या. मोजणीच्या कार्यपद्धतीत, काळ्या कापडानंतर आणि सोडियमच्या चकतीआधी. ‘महत्त्वाचा घटक: सुलभा बिलोलीकर, नग एक. पेटीपासून दोन मीटरच्या आत असावा.’ प्रत्येक घटकाला साठवणुकीच्या अटी लागतात म्हणून ‘कोरड्या जागी’ असं लिहिलं. वर्षाकाठी एकदा तपासणी. प्रणिता मॅडमनी फक्त एका ठिकाणी पेन टेकवलं.

“एकाच पुरवठादारावर अवलंबून राहता येत नाही. इथं ‘किंवा समतुल्य’ घाला.”

ते घातलं. ओळखपत्रावर हिरवा स्टिकर लागला. कंपनीला प्रमाणपत्र मिळालं, पेढे वाटले गेले. हिम्मतरावांनी घरी स्टिकर चष्मा लावून वाचला.

“मुदत संपली की काय करतात?”

“मोडीत काढत असतील.”

“लग्नाच्या वेळी असं काही सांगितलं नव्हतं,” असं म्हणून ते पेढा घेऊन गोधडीत गेले.

फेब्रुवारीत चतुराबाई निवृत्त झाल्या. सुलभाताईंच्या बदलीचा हुकूम निघाला. सोमवारी हातात पडला आणि बुधवारी रद्द झाला. त्या एकनाथरावांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“काय झालं हो एकनाथराव? आबिड्सचं तर ठरलं होतं.”

“बिलोलीकर बाई, माणसाची बदली करता येते.” एकनाथरावांना खरंच वाईट वाटत होतं. “घटकाची होत नाही. तुम्हाला हलवायचं म्हणजे प्रमाणपत्र रद्द.”

“मग मी काय जन्मभर स्टुलावर बसू?”

“जन्मभर कशाला? साठपर्यंत. पुढे मुदतवाढीचं बघू.”

“आणि ती खुर्ची?”

“मार्चअखेर कुणाच्या नावाचा हुकूम निघाला नाही तर पदच जाईल. वरून तसं आलंय.”

त्या दिवशी दोन्ही बसमध्ये सुलभाताईंना बसायला जागा मिळाली. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी त्या स्टुलावर बसल्या होत्या आणि मंदार हुडीच्या बाहीत हात खुपसून पडद्यावरचा आलेख बघत होता. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं.

“मंदार, माझ्यात असं काय आहे रे, ज्यानं याला बरं वाटतं?”

“तेच तर कळत नाही, काकू. नॉर्मली याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे गरमी. हे सिलिकॉन तापलं ना, की त्याला भास होतात.”

“भास?”

“बाहेर काही नसतं. पूर्ण अंधार. तरी हे दचकून सिग्नल देतं. आतल्या आतच पेटतं. मग खरा प्रकाश येतो तेव्हा नेमकं गोंधळलेलं असतं. याला थोडं गार ठेवलं, पाच-सहा डिग्री, तरी एकदम शहाण्यासारखं वागतं. पण आपली खोली चोवीसला लॉक आहे ना.”

सुलभाताई काही वेळ त्या काळ्या पेटीकडे बघत राहिल्या. एवढी वर्षं तिच्याशेजारी बसून त्यांना तिच्याबद्दल इतकी आपुलकी कधी वाटली नव्हती. मग त्या उठल्या, दार लावलं, डब्याची पिशवी उघडली आणि रिमोट टेबलावर ठेवला. त्याच्या अधिकच्या बटणात अजून कुंकू अडकलेलं होतं.

मंदारनं रिमोट पाहिला. सुलभाताईंना पाहिलं.

“मला उष्णता होते रे.”

“गुलकंद घ्या ना काकू. आई देते मला.”

“गुलकंदाची नाही ही. माझ्या वयाच्या बायकांना होते ती.”

मंदार कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्या खोलीतला हा एकच दिवा असा होता, ज्यावर चिकटपट्टी मारता आली नाही.

“सॉरी,” तो म्हणाला. कशाबद्दल ते त्यालाही माहीत नव्हतं. मग त्याचा हात आपोआप कागदाकडे गेला. रिमोटवर सतरा डिग्री, परिपत्रकात चोवीस, एवढा फरक म्हणजे एवढे भास कमी. गणित जुळलं. तो हसायला लागला आणि थांबला. “पण काकू, तुम्ही नसलात की...”

“रिमोट माझ्याबरोबर घरी असतो.”

“आणि मी तुमचा आलेख काढला होता! सायली चोवीस वर्षांची, तुम्ही एक्कावन्न. वयानुसार आकडा सुधारतो असा निष्कर्ष होता माझा.”

“आता सांग सगळ्यांना. म्हणजे मी सुटले.” हे म्हणताना त्यांच्या छातीत शेगडी पेटलीच. “तसंच सांग. कारणासकट.”

मंदार प्रामाणिक मुलगा होता. तो खरोखर एकनाथरावांकडे गेला. कारण मात्र त्यानं वगळलं. सुलभाताई दाराशी उभ्या होत्या.

“सर, लॅबचं तापमान चोवीस नाहीये. सतरा आहे.”

“शक्य नाही. परिपत्रक आहे.”

“सर, जुना रिमोट सापडलाय.”

“तो सापडू शकत नाही. तो देवाला दिला आहे.” एकनाथरावांचा आवाज खाली आला. “मंदार, देवाला दिलेलं परत घेतल्याची नोंद मी कुठल्या रकान्यात करू?”

“पण मोजून बघा ना!”

“कशानं?”

थर्मामीटर नाकारणाऱ्या खरेदी विभागाच्या समितीवर एकनाथराव स्वतःच होते.

बाहेर आल्यावर मंदारनं जिन्यात उभं राहून हिशेब केला. खरं सांगायचं तर तापमान बदललं असं लिहावं लागेल. मग परिपत्रकात दुरुस्ती, त्यासाठी समिती, थर्मामीटरची खरेदी, दसऱ्यापासूनच्या सगळ्या मालाची फेरतपासणी. वर्ष-सव्वा वर्ष. खुर्ची जाणार मार्चमध्ये.

“याच्यात कुणा पेशंटचं वाईट नाही ना होणार?” सुलभाताईंनी विचारलं.

“छे! हॉस्पिटलच्या मशीनमध्ये पाणी फिरवून याला गारच ठेवतात. सतराचा आकडा हाच खरा आकडा आहे, काकू. चोवीसला मोजणं हाच मूर्खपणा होता.”

“मग झालं तर.”

“झालं काय? तुम्हाला काढायचं कसं?”

त्यानं फोनवर कार्यपद्धती उघडून त्यांच्या नावाची ओळ शेवटपर्यंत वाचली. मग मंदार म्हणाला, “समतुल्य!”

तापमान बदलायला सव्वा वर्ष लागणार होतं. घटक बदलायला एक अर्ज.

*

मंदारनं अर्जात निकष लिहायला घेतले आणि पहिल्याच ओळीला अडला. निकष त्याला माहीत होता, पण लिहिता येईना. सुलभाताईंनी त्याला थांबवलं. हे कागदावर सापडणारं नव्हतं. त्या जेवणाच्या सुट्टीत कंपनीभर फिरल्या. हिशेब विभागातल्या दोघी शाल पांघरून बसल्या होत्या. त्या बाद. पॅकिंगमधली बाई म्हणाली, गरम होतं खरं, पण बाहेरचंच. तीही बाद. शेवटी त्या स्टोअरमध्ये गेल्या. चिकटद्रव्यांच्या नळ्या ठेवायचा मोठा फ्रिज उघडा होता आणि स्टोअरकीपर भामा मानेपर्यंत त्यात होत्या.

“भामा, क्या कर रहे?”

“गिनती कर रई, अक्का,” फ्रिजच्या आतून आवाज आला.

“कित्ते हैं?”

“मालूम नै.”

सुलभाताईंनी दाराला हात लावला. भामांनी डोकं बाहेर काढलं. कपाळावर घाम होता आणि भुवयांवर दव.

“कब से है?”

“दो साल से.”

“रात कू भी?”

“रात का तो पूछोच नक्को, अक्का. मरद बोलता, पागल हो गई. जनवरी में छत पे सोती मैं.”

“मेरे साथ आ,” सुलभाताई म्हणाल्या. “तेरे लिए एक नौकरी है. बैठने की.”

आता रिमोटचा प्रश्न राहिला. मोजणी एकनाथरावांच्या आणि प्रणिता मॅडमच्या समोर होणार होती. आदल्या दिवशी द्यावा तर स्टोअरच्या माणसांच्या पिशव्या येता-जाता तपासल्या जात. आणि साक्षीदारांदेखत देवाला अर्पण झालेली वस्तू एका बाईच्या पिशवीतून दुसरीच्या पिशवीत कशी जावी? सुलभाताई म्हणाल्या, त्यात काय, मी भामाची ओटी भरते. इतकी वर्षं बसलेली जागा सोडतेय, रिकाम्या हातानं कशी सोडू?

तपासणीच्या दिवशी भामा पाटावर बसल्या. सुलभाताईंनी हळदकुंकू लावलं. खण, तांदूळ, नारळ, आणि नारळाच्या आडोशाला, खणात गुंडाळलेली एक लांबट वस्तू. बायकांचं काम म्हणून मंदार पडद्याकडे बघत राहिला. एकनाथराव उंबरठ्याबाहेर होतेच, त्यांनी अदबीनं पाठही फिरवली. भामांना पदरात काहीतरी कठीण लागलं. त्यांनी खणावरून चाचपलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

“ये तो हमारा वायनम है,” त्या म्हणाल्या. आंध्रातल्या बायका व्रताचं वाण देताना म्हणतात ते सुलभाताईंना गौलीगुड्याच्या शेजारणींकडून पाठ होतं.

“इस्तिनम्मा वायनम,” सुलभाताई म्हणाल्या. दिलं बाई वाण.

“पुच्चुकुंटिनम्मा वायनम.” घेतलं बाई वाण. भामांनी पदर पोटाशी घट्ट धरला. भिंतीवरच्या एसीतून बारीक टीं टीं टीं असा आवाज सात वेळा आला. मंदार जोरात खोकला.

तेवढ्यात प्रणिता मॅडम आल्या. पुन्हा जॅकेट काढलं. सुलभाताईंना नियमानुसार बाहेर काढण्यात आलं. दोन मीटर कमी पडू नयेत म्हणून पार कँटीनपर्यंत. त्या तिथं चहा न घेता बसल्या. आत भामा स्टुलावर बसल्या, पेटी बंद झाली, काळं कापड पडलं. सुलभाताईंना तिथून काहीच दिसत नव्हतं. त्या कँटीनच्या पंख्याकडे बघत होत्या आणि खुर्चीचा विचार करत होत्या. ती पाठीला सरळ असेल की मागे रेलणारी, हे चतुराबाईंना कधी विचारलंच नव्हतं.

मंदार धावत आला.

“दोनशे अठ्ठावीस! काकू, तुमच्यापेक्षा एक कमी!”

सुलभाताईंना क्षणभर अपमान झाल्यासारखं वाटलं. पण तो गेला.

त्या परत आल्या तेव्हा प्रणिता मॅडम भामांना शेवटचा प्रश्न विचारत होत्या.

“इथं बसून काही त्रास?”

“नै मॅडम. अब्बी जान में जान आई.”

प्रणिता मॅडमनी भामांकडे पाहिलं, मग दारातल्या सुलभाताईंकडे, मग भिंतीवरच्या एसीकडे, जिथं आकड्यांवर काळी पट्टी होती. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

“समतुल्य,” त्या म्हणाल्या आणि सही केली.

जिन्यातून उतरताना त्या सुलभाताईंच्या शेजारून चालत होत्या. जॅकेट अजून हातावरच होतं. “आमच्या बंगळूरच्या ऑफिसात सेंट्रल एसी आहे,” त्या समोर बघत म्हणाल्या. “रिमोटच नाही.” आणि गाडीत बसल्या.

*

मार्च संपायच्या आत हुकूम पुन्हा निघाला. जाण्यापूर्वी ओळखपत्रावरचा हिरवा स्टिकर काढणं आवश्यक होतं. तो निघेना. फोटोतलं कपाळही सोबत येऊ लागलं. तेव्हा गुणवत्ता विभागानं, वापरातून काढलेल्या यंत्रावर लावतात तसा लाल स्टिकर त्याच्यावर चिकटवला: ‘सेवेतून बाद. वापरू नये.’

एक एप्रिलला सुलभाताई नारायणगुड्याहून चालत आबिड्सला गेल्या. खुर्ची खिडकीजवळच होती, पाठीला सरळ. खाली चपलांच्या दुकानांचे शटर वर जात होते. टेबलावर एसीचा रिमोट नुसता पडलेला होता, कुलूप नाही, परिपत्रक नाही. तो उचलावा लागेल तेव्हा कुणाला कारण सांगावं लागणार नव्हतं.

शाखाप्रमुखांनी ओळखपत्र मागितलं, उलटसुलट करून वाचलं आणि परत दिलं. मुख्य कार्यालयाची लेखी सूचना डावलणारे ते नव्हते. पत्रांचा गठ्ठा घेऊन शिपाई सुलभाताईंच्या टेबलाकडे निघाला तेव्हा शाखाप्रमुखांनी त्याला मध्येच थांबवलं.

“तिथं नको. वापरू नये असं लिहिलंय.”

गठ्ठा पलीकडच्या टेबलावर गेला. शाखाप्रमुखांनी खुलाशासाठी चर्लापल्लीला पत्र लिहिलं. ते एकनाथरावांकडे गेलं, आणि एकनाथराव ते योग्य त्या समितीपुढे ठेवणार आहेत.

सुलभाताईंनी याबद्दल अद्याप तक्रार केलेली नाही. त्या वेळेवर येतात, खिडकी उघडतात आणि समोरच्या पोस्टात लोक पत्रं टाकतात ते बघतात.